मिकमॅकांना मारेकरी म्हणून आणलं नव्हतं

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर, दक्षिण किनाऱ्याच्या एका खोल खाडीकाठी मियापुकेक हे मिकमॅक या आदिवासी लोकांचं छोटं गाव आहे. बेटावरच्या बिओथुक या दुसऱ्या आदिवासी लोकांना मारायला फ्रेंचांनी मिकमॅकांना पैसे देऊन आणलं, असं पिढ्यान्‌पिढ्या, अगदी शाळेतही सांगितलं गेलं. याला कसलाही पुरावा नाही.

युरोपीय वसाहतवाल्यांनी किनारे बळकावले. सॅमन आणि सील हातचे गेले, बिओथुकांची उपासमार झाली, क्षय पसरला. वसाहतवाल्यांच्या बंदुकांनीही बळी घेतले. बिओथुकांपैकी शेवटची ज्ञात स्त्री, शानाडिथिट, १८२९ मध्ये क्षयानेच गेली.

दोष मात्र मिकमॅकांच्या माथी आला, वर 'उपरे' हा शिक्का. १९४९ मध्ये बेट कॅनडात सामील झालं, तेव्हाही त्यांना आदिवासी म्हणून मान्यता मिळाली नाही. मियापुकेकला राखीव क्षेत्राचा दर्जा मिळायला १९८७ उजाडलं.