मामूल की कराबीज? सीरियाची दोन रव्याची बिस्किटं

सीरियन मिठाईच्या ताटात मामूल आणि कराबीज शेजारी ठेवले, तर पहिल्यांदा बघणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. दोन्ही रव्याचे, दोन्ही तुपातले, दोन्हींच्या पोटात सारण. 'लांबट ते कराबीज, गोल ते मामूल' असं सांगून लोक मोकळे होतात. ही खूण फसवी आहे, कारण पिस्त्याचा मामूलही बहुधा लांबटच असतो. शिकणाऱ्याने आकाराऐवजी गोडवा कुठून येतो ते बघावं.

पीठ जवळजवळ सारखंच. बारीक रव्यात, हवा तर थोडा मैदा मिसळून, पातळ केलेलं तूप घालायचं, दोन्ही तळहातांत चोळून कणाकणाला लावायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं. इथे घाई नको. तूप नीट मुरलं नाही तर भाजल्यावर रवा दाताखाली कचकचतो. सकाळी संत्र्याच्या फुलांचं पाणी, गुलाबपाणी आणि महलब घालून गोळा करायचा. महलब म्हणजे एका रानटी चेरीच्या बीमधल्या गराची पूड. वास कडू बदामाकडे झुकणारा. पीठ फक्त एकत्र यायला हवं, जोर लावून मळू नये.

मामूलचं सारण खजुराचं, अक्रोडाचं किंवा पिस्त्याचं. अक्रोडात साखर आणि दालचिनी पडते. पारीत सारण भरून बंद करायचं, कोरीव लाकडी साच्यात दाबायचं आणि साचा ओट्यावर आपटून बिस्किट बाहेर काढायचं. साच्यावरून आतलं सारण ओळखता यावं अशी रीत आहे: खजुराला चपटा गोल, अक्रोडाला घुमटासारखा, पिस्त्याला लांबट. साचा नसेल तर छोट्या चिमट्याने वर नक्षी काढतात. मेव्याच्या मामूलवर भाजल्यानंतर पिठीसाखर भुरभुरवतात. खजुराच्या मामूलला तिची गरज नसते. मुसलमानांच्या घरी ईदला आणि ख्रिश्चनांच्या घरी ईस्टरला हेच बिस्किट होतं, त्यामुळे सणाआधी घरातल्या बायका एकत्र बसून परातीच्या पराती भरतात. आखाती देशांतून आपल्याकडे येणाऱ्या डब्यांत असतो तो बहुतेक खजुराचा मामूल.

कराबीज हलबचा, म्हणजे सीरियातल्या अलेप्पो शहराचा. त्यात सारण पिस्त्याचं, आकार हातानेच दिलेला, बोटासारखा लांबट. वर नक्षी नाही, पिठीसाखरही नाही. गोडवा येतो तो सोबतच्या वाटीतल्या नातिफ नावाच्या पांढऱ्या गोड फेसातून, आणि शिकायला खरं कठीण आहे ते हे नातिफच.

नातिफ होतं एका वनस्पतीच्या वाळलेल्या मुळापासून. मुळाचे तुकडे भिजवून उकळायचे. पाणी चहासारखं तपकिरी होतं, चव कडू. ते गाळून घोटायला लागलं की रंग उडत जातो आणि भांड्यात पांढराशुभ्र फेस उभा राहतो. आपल्या रिठ्याला ज्यामुळे फेस येतो, तीच सॅपोनिन जातीची द्रव्यं या मुळातही असतात. मग साखरेचा पाक बारीक धारेने ओतत घोटत राहायचं. शेवटी दाट, चकचकीत, चमच्यावरून सावकाश ओघळणारं मलईसारखं काहीतरी तयार होतं. मूळ मिळत नाही तिथे अंड्याचा पांढरा बलक वापरतात. फेस छान येतो, पण मुळाची ती पुसटशी कडवट छटा त्यात नसते, आणि ती छटाच गोडाला तोल देते असं मला वाटतं.

म्हणून सुरुवात मामूलने करावी, पण पहिली खेप साच्याशिवाय. साचा पारीची जाडी लपवतो. हाताने वळताना ती बोटांना कळते. दोन्ही बिस्किटं तळाला फिकट सोनेरी झाली की काढावीत, वरचा भाग पांढुरकाच राहिला पाहिजे. गरम असताना उचलली तर तुटतात, ताटातच गार होऊ द्यावीत. गार झालेली घट्ट झाकणाच्या डब्यात चांगली टिकतात. कराबीज मात्र नातिफ लावून ठेवू नये; वाटी वेगळी ठेवून खातानाच बुडवावं.