अवकाश-काल, विविक्त

अवकाश (आकाश, दिक्) आणि काल हे सलग व वाटेल तितके विभागता येणारे आहेत, की वस्तूंप्रमाणे त्यांचेही शेवटचे, पुढे न फुटणारे अंश आहेत, असा हा प्रश्न आहे. दुसऱ्या पक्षाला विविक्त अवकाश-कालाची कल्पना म्हणतात. तिला प्रयोगाचा आधार अद्याप मिळालेला नाही. ती सरसकट खोडून काढणेही शक्य झालेले नाही. द्रव्याचा परमाणुवाद मानला की हीही ओघानेच आली, असे समजले जाते; ते बरोबर नाही. वैशेषिक दर्शनात पृथ्वी, जल, तेज व वायू यांचे परमाणू आहेत, पण दिक् आणि काल प्रत्येकी एक, नित्य व विभू (सर्वव्यापी) मानले आहेत.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचा सर्वांत काटेकोर विचार जैन ग्रंथांत आढळतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात परमाणू एक जागा सोडून लगतची जागा गाठतो तेवढा काळ म्हणजे क्षण, अशी व्याख्या येते. जैनांचा ‘समय’ जवळजवळ याच शब्दांत सांगितला जातो. एका परमाणूने व्यापलेली जागा म्हणजे ‘प्रदेश’, आणि मंदगतीच्या परमाणूला एका प्रदेशातून लगतच्या प्रदेशात जायला लागणारा काळ म्हणजे ‘समय’. हा विषय ज्यात विस्ताराने येतो, तो यतिवृषभांचा तिलोयपण्णत्ती हा प्राकृत ग्रंथ सोलापुरातून प्रसिद्ध झाला. ब्र. जीवराज गौतमचंद दोशी यांच्या नावाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे ते पहिले पुष्प. आ. ने. उपाध्ये व हीरालाल जैन यांनी संपादिलेले त्याचे दोन भाग जैन संस्कृति संरक्षक संघाने १९४३ व १९५१ मध्ये काढले. ग्रंथाच्या काळाविषयी एकमत नाही. संपादकांचा कल इ. स. पाचवे ते सातवे शतक या बाजूला आहे. काही पंडित आज मिळणारी संहिता धवला या जैन टीकाग्रंथानंतरची, म्हणजे नवव्या शतकातील किंवा त्यापुढची मानतात. जुना गाभा आणि मागाहून पडलेली भर असे धरले तर दोन्ही मतांची बरीचशी सांगड बसते.

आकाश व काल यांना जैन मतात सारखे लेखलेले नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. आकाश हे एकच अखंड द्रव्य आहे. प्रदेश ही त्याची मोजणी, सुटे तुकडे नव्हेत. उलट दिगंबर मतानुसार लोकाकाशाच्या (विश्वाने व्यापलेल्या आकाशाच्या) एकेका प्रदेशावर एकेक कालाणू आहे, रत्नांच्या राशीतील रत्नांसारखा वेगळा, शेजाऱ्यात न मिसळणारा. खरे दाणेदार आहे ते कालद्रव्य. काल हे स्वतंत्र द्रव्य आहे की नाही यावरच पंथभेद असून तत्त्वार्थसूत्र या दोन्ही पंथांना मान्य ग्रंथाच्या पाठातही तो उमटला आहे: दिगंबर पाठ ‘कालश्च’ असा, तर श्वेतांबर पाठ ‘कालश्चेत्येके’, म्हणजे ‘कालही, असे काहीजण म्हणतात’.

यावर एक अवघड शंका निघते. वेगवान परमाणू एकाच समयात चौदा रज्जू, म्हणजे लोकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, असेही हेच ग्रंथ सांगतात. मग वाटेतल्या असंख्य प्रदेशांगणिक समयाचेही तुकडे पडायला नकोत का? प्रवचनसार या जैन ग्रंथावरील टीकेत टीकाकार अमृतचंद्रांनी उत्तर दिले आहे ते असे: एका प्रदेशात अनंत परमाणू मावले तरी प्रदेश निरंशच राहतो, तसाच विशिष्ट गतीमुळे असंख्य प्रदेश ओलांडले गेले तरी समय निरंशच राहतो. उत्तर सुसंगत आहे. पण त्यामुळे वेगाची मर्यादा ‘एका समयाला एक प्रदेश’ अशी राहत नाही. ती मर्यादा धरून तिची प्रकाशवेगाशी तुलना करणाऱ्यांनी हे टीकास्थळ पाहिलेले दिसत नाही. समयाचे सेकंदांत रूपांतर करणेही व्यर्थ आहे. मुहूर्ताचे (४८ मिनिटे) ३,७७३ उच्छ्वास सांगितले आहेत, त्यामुळे एक उच्छ्वास सुमारे पाऊण सेकंदाचा येतो. पण उच्छ्वासाहून लहान अशा ‘आवली’ या कालमापात समय ‘असंख्यात’ (मोजणीपलीकडचे) आहेत आणि हिशेब तिथेच थांबतो.

आधुनिक विज्ञानात माक्स प्लांक यांनी १८९९ मध्ये निसर्गाच्या स्थिरांकांपासून लांबी व काळ यांची एकके बनवली. प्लांक लांबी मीटरमध्ये लिहायची तर दशांश चिन्हापुढे ३४ शून्ये देऊन १६१६ लिहावे लागते. प्लांक काळ सेकंदांत लिहिताना ४३ शून्यांनंतर ५३९. याहून लहान असे काही नाही, हे त्यावरून सिद्ध होत नाही. एवढ्या बारीक अंतराचे मापन करायला लागणारी ऊर्जाच कृष्णविवर घडवेल, असा युक्तिवाद पुढे झाला. त्याने मापनाला मर्यादा पडते. अवकाश दाणेदार असलेच पाहिजे असे मात्र ठरत नाही.

चौकोनी घरांच्या कल्पनेतील अडचण हेर्मान वाइल यांनी १९४९ मध्ये दाखवली. सोलापुरी चादरीची जकार्ड नक्षी ज्याने ग्राफच्या कागदावर भरलेली पाहिली आहे त्याला ती लगेच कळेल. मोराच्या मानेचा बाक कागदावर पायऱ्यापायऱ्यांनीच उतरतो. एकेका बाजूला १०० घरे असलेल्या चौरसात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत घरे मोजली तर तीही १००च भरतात, बाजूइतकीच. पायथॅगोरसच्या सिद्धांताने कर्ण सुमारे १४१ यायला हवा. घरे कितीही बारीक केली तरी गुणोत्तर सुधारत नाही. शिवाय चादरीला उभे-आडवे धागे असतात. अवकाशात अशी कोणतीही दिशा मानाची असल्याचे दिसत नाही.

हार्टलंड स्नायडर यांनी १९४७ मध्येच सापेक्षतेला धक्का न लावता सहनिर्देशक विविक्त करून दाखवले होते. शिरपूर येथे जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या नव्या चलांवर लूप पुंजगुरुत्वाची, म्हणजे गुरुत्वाकर्षणाला पुंजयामिकीत बसवू पाहणाऱ्या एका सिद्धांताची, उभारणी झाली. त्यात कार्लो रोव्हेली व ली स्मोलिन यांना १९९५ मध्ये क्षेत्रफळ व घनफळ यांची मूल्ये विविक्त आढळली. येथे चौकोनी घरे नाहीत, मापनातून निघणारी मूल्ये तेवढी टप्प्याटप्प्याची आहेत. म्हणून वाइल यांचा आक्षेप थेट लागू पडत नाही. बोंबेली, ली, मेयर व सॉर्किन यांच्या कार्यकारण संचांत (१९८७), म्हणजे अवकाश-काल हा सुट्या घटनांचा व त्यांच्या कार्यकारण-क्रमाचा संच मानणाऱ्या प्रारूपात, घटना बिंदूंसारख्या यदृच्छेने विखुरलेल्या असतात, त्यामुळे धाग्यांची दिशाच उरत नाही.

निरीक्षणे थोडी आहेत. २००९ मध्ये फेर्मी दुर्बिणीने टिपलेल्या गॅमा किरण स्फोटात ३१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा फोटॉन, सात अब्जांहून अधिक प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतरही, कमी ऊर्जेच्या फोटॉनांच्या पाठोपाठ एका सेकंदाच्या आत पोहोचला. ऊर्जेच्या सरळ प्रमाणात प्रकाशवेग बदलतो असे मानणारी प्रारूपे त्यामुळे जवळपास बाद झाली. वेग तसा न बदलणारी विविक्त प्रारूपे या कसोटीच्या कक्षेत येत नाहीत.