सर्व्हरला मेल थेट पाठवू देऊ नका, रिलेच्या हातात द्या

सर्व्हरपण मेल पाठवत असतात हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. रात्रीचा बॅकअप फेल झाला, डिस्क भरत आली, क्रॉनमधल्या, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या, एखाद्या स्क्रिप्टने एरर फेकली की सर्व्हर बिचारा मेल टाकतो आणि तो मेल बहुतेक वेळा कोणी वाचतच नाही. माझ्या एका मशीनवर असंच झालेलं, बॅकअप कित्येक आठवडे बंद आणि मी निवांत, कारण तक्रारीचा मेल नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय! नंतर बघतो तर सगळ्या तक्रारी रूट युजरच्या (सर्व्हरच्या मुख्य ॲडमिन खात्याच्या) लोकल मेलबॉक्समध्ये गपगुमान साठून पडलेल्या, जिथे मी कधी डोकावलोच नव्हतो.

मग वाटतं, सर्व्हरने सरळ समोरच्याचा मेल सर्व्हर गाठावा ना, अडलंय कुठे? प्रोटोकॉल म्हणाल तर कुठेच नाही. एसएमटीपी म्हणजे मेल इकडून तिकडे नेण्याची भाषा, जॉन पोस्टेलने 1982 मध्ये आरएफसी 821 ह्या इंटरनेटच्या नियमपत्रात लिहिलेली, आणि तिच्यात कोणतंही मशीन 25 नंबरच्या पोर्टवर जाऊन "हॅलो, मी अमुक, हा मेल घ्या" म्हणू शकतं. पासवर्डबिसवर्ड काही नाही. तेव्हा नेटवर्कच एवढंसं होतं की कोणाला गरज वाटली नाही, पुढे स्पॅमवाल्यांनी त्याचाच पुरेपूर फायदा उचलला. म्हणून आता घेणारा सर्व्हर आधी तुमची कुंडली काढतो: आयपीचं रिव्हर्स डीएनएस नाव बरोबर आहे का, एसपीएफमध्ये, म्हणजे डोमेनच्या डीएनएसमधल्या परवानगीच्या नोंदीत, हा आयपी ह्या डोमेनच्या वतीने मेल पाठवू शकतो असं लिहिलंय का, डीकेआयएमची, म्हणजे डोमेनने मेलवर केलेली डिजिटल, सही जुळते का, ह्या आयपीवरून आधी काय काय उद्योग झालेत. त्यात बरेच क्लाउडवाले बाहेर जाणारं 25 पोर्ट बंदच ठेवतात. वीस सर्व्हर असतील तर हे सगळं वीस वेळा कोण सांभाळणार? त्यापेक्षा एकच रिले नीट उभा करायचा आणि बाकीच्यांनी आपले मेल गुमान त्याच्याकडे द्यायचे. ह्या रिलेला स्मार्टहोस्ट असंही म्हणतात.

ह्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे 250 हा आकडा. एका सर्व्हरने मेल पूर्ण दिला आणि दुसऱ्याने 250 असं उत्तर दिलं, की त्या क्षणापासून मेलची जबाबदारी दुसऱ्याची. 4 ने सुरू होणारं उत्तर म्हणजे आत्ता जमत नाही नंतर ये, आणि 5 ने सुरू होणारं म्हणजे साफ नकार. 250 मिळेपर्यंत मेल पाठवणाऱ्याच्याच रांगेत राहतो, त्यामुळे रिले तासभर बंद पडला तरी काही हरवत नाही, पोस्टफिक्स (सर्व्हरवरचा मेल पाठवणारा प्रोग्रॅम) थोड्या थोड्या वेळाने परत प्रयत्न करत राहतो आणि सेटिंग बदललं नसेल तर 5 दिवसांनी कंटाळून मेल परत पाठवतो.

आता सेटअप. पोस्टफिक्समध्ये मेन डॉट सीएफ नावाच्या फाइलमध्ये रिलेहोस्ट अशी एक ओळ असते, तिथे रिलेचं नाव आणि पोर्ट टाकायचं, सहसा 587, म्हटलं तर काम एवढंच. पण नाव चौकटी कंसात टाका! कंस नसले तर पोस्टफिक्स आधी त्या नावाचा एमएक्स रेकॉर्ड शोधतो, म्हणजे त्या नावाने येणारे मेल कोण घेतं ते बघतो, आणि तो दुसराच सर्व्हर निघाला तर तुमचे मेल भलतीकडेच. कंस टाकले की एमएक्सच्या नादी न लागता थेट त्या मशीनकडे जातो. रिलेला दाखवायच्या युजरनेम-पासवर्डची वेगळी फाइल असते आणि तिच्यातही रिलेचं नाव अक्षरशः तसंच हवं, कंसासकट आणि पोर्टसकट, नाहीतर पोस्टफिक्सला पासवर्ड सापडतच नाही आणि तुम्ही तासभर पासवर्डच चुकलाय समजून तोच परत परत टाइप करत बसता. ही फाइल बदलली की पोस्टमॅप ही कमांड चालवायची, म्हणजे पोस्टफिक्सला बदल कळतो, आणि ती रूटशिवाय कोणाला वाचता येता कामा नये. टीएलएस, म्हणजे कनेक्शनचं एन्क्रिप्शन, सक्तीचं करा, नाहीतर एखाद्या दिवशी पासवर्ड उघडाच वायरवरून जाईल.

त्या सर्व्हरने फक्त मेल पाठवायचे असतील तर त्याला लूपबॅकवरच, म्हणजे त्याच मशीनवरून आलेलंच, ऐकू द्या, बाहेरच्यांसाठी दार उघडं ठेवायचं कारणच नाही. रिलेवर तर दुप्पट काळजी घ्या, कोणाचे मेल पुढे न्यायचे ती यादी आपल्या मशीनपुरतीच ठेवा. जगातल्या कोणाचाही मेल पुढे ढकलणारा ओपन रिले एकेकाळी नॉर्मल होता, सेंडमेल नावाच्या जुन्या मेल सर्व्हर प्रोग्रॅमने 1998 च्या 8.9 व्हर्जनपासून ते डिफॉल्टला बंद केलं. आज तसा ठेवलात तर स्पॅमवाले शोधून काढतातच, मग तुमचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो आणि चांगले मेलही अडकतात.

अजून एक, पाठवणाऱ्याचा पत्ता. सर्व्हर आपला रूट ॲट कुठलंतरी लोकल नाव असा पत्ता लावून मोकळा होतो, असलं डोमेन बाहेर अस्तित्वातच नसतं, मग रिले नाकारतो किंवा पुढचा नाकारतो. त्यासाठी जेनेरिक मॅप वापरून बाहेर जाताना खरा पत्ता लावून घ्यायचा. आणि रूटच्या नावाने येणारं सगळं तुम्ही रोज उघडता त्या इनबॉक्सकडे वळवा, ते एलियासेस फाइलमध्ये होतं आणि तिथे बदल केल्यावर न्यूएलियासेस ही कमांड चालवावी लागते. मी नेमकं हेच विसरलो होतो.

शेवटी एक टेस्ट मेल टाका आणि लॉग बघा. स्टेटस सेंट दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका, त्याचा अर्थ फक्त रिलेने 250 म्हटलं एवढाच. त्याच ओळीत कंसात रिलेचं उत्तर असतं आणि बहुतेक वेळा त्यात रिलेचा क्यू आयडीही (त्याच्या रांगेतली मेलची ओळख) दिलेला असतो, तो कॉपी करून रिलेच्या लॉगमध्ये शोधा, मेल पुढे कोणी घेतला की हाकलून दिला ते तिथे कळतं.