आभासी-भौतिक पत्त्यांची जोडणी

चालू प्रोग्राम मेमरीतली जागा ज्या पत्त्याने ओळखतो तो आभासी पत्ता आणि रॅममध्ये ती जागा जिथे खरोखर असते तो भौतिक पत्ता. या दोहोंची जोडणी करणे, ती बदलणे आणि वेळ येताच तोडणे हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलचे, म्हणजे तिच्या गाभ्याचे, काम. पत्त्याचे प्रत्यक्ष रूपांतर प्रोसेसरमधील एमएमयू हा भाग करतो. त्याला लागणारी कोष्टके, म्हणजे पेज टेबल, कर्नल लिहून ठेवतो.

बेळगाव भागातल्या वाचकाला ही कल्पना परकी नाही. मारुती गल्ली बेळगाव शहरात आहे, तशी तालुक्यातल्या अनेक गावांतही आहे. ‘मारुती गल्ली, घर नंबर १२’ हा पत्ता दर गावात वेगळ्या उंबऱ्यापाशी नेतो. प्रत्येक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम, हे असेच एक गाव असते. दोन प्रोसेसचा आभासी पत्ता अंकाअंकाने सारखा असला, तरी पेज टेबल वेगळे असल्याने एकीला दुसरीच्या घरात शिरता येत नाही. उलट प्रकारही घडतो. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, मराठी माणूस मात्र बेळगाव लिहितो, जागा एकच. सामायिक लायब्ररीची (अनेक प्रोग्रामना लागणाऱ्या तयार कोडची) रॅममधली एकच प्रत अनेक प्रोसेस आपापल्या पत्त्यांनी वापरतात, ती याच न्यायाने.

मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस संगणकाने (१९६२) ही पद्धत प्रथम प्रत्यक्षात आणली. इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरबरोबर (१९८५) ती पीसीपर्यंत पोहोचली.

मेमरीची वाटणी बाइटागणिक न होता पेजागणिक, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांनी, होते. एक्स८६-६४ (६४-बिट पीसीतल्या) प्रोसेसरवर नेहमीचे पेज ४,०९६ बाइटांचे असते. आभासी पत्त्याच्या ४८ बिटांपैकी शेवटचे १२ बिट पेजच्या आतली जागा दाखवतात आणि ते रूपांतरात बदलत नाहीत. उरलेल्या ३६ बिटांसाठी सलग एकच कोष्टक केले, तर ८ बाइटांची एक नोंद धरून प्रत्येक प्रोसेसमागे ५१२ जीबी नुसत्या कोष्टकालाच लागतील. म्हणून कोष्टकाच्या चार पायऱ्या करतात. प्रत्येक पायरीला ९ बिट, म्हणजे ५१२ नोंदी. जिल्हा, तालुका, गाव, गल्ली अशा क्रमाने पत्ता लागतो तसेच हे. ज्या तालुक्यात वस्तीच नाही, त्याच्या गल्ल्यांची यादी करावी लागत नाही. सर्वात वरच्या कोष्टकाचा भौतिक पत्ता सीआर३ या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणात, असतो. प्रोसेस बदलली की कर्नल तो बदलतो आणि सारे गावच बदलते.

नोंद नसलेल्या पत्त्याला प्रोग्रामने हात लावला की पेज फॉल्ट होतो, म्हणजे प्रोसेसर प्रोग्राम थांबवून कर्नलला बोलावतो. नावात ‘फॉल्ट’ असला तरी दर वेळी ती चूक नसते. प्रोग्रामने मागितलेली मेमरी कर्नल बहुधा आधी फक्त कबूल करतो आणि पहिला वापर झाल्यावरच रिकामी फ्रेम (रॅममधला पेजएवढा तुकडा) शोधून नोंद भरतो.

अभ्यासक्रमात जोडणी कशी होते यावर भर असतो. खरी कसोटी मात्र ती तोडताना लागते, आणि कर्नल शिकणाऱ्याने सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. दर वेळी चार पायऱ्या उतरणे परवडत नाही, म्हणून प्रोसेसरचा प्रत्येक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा भाग, अलीकडची रूपांतरे टीएलबी या आपल्या छोट्या, वेगवान साठ्यात जपून ठेवतो. मुरलेला पोस्टमन नोंदवही न उघडता घर गाठतो, तसे. पण ते कुटुंब घर सोडून गेले आणि पोस्टमनला कळलेच नाही, तर पत्र भलत्याच्या हाती पडते. तसेच पेज टेबलातली नोंद पुसली, तरी एखाद्या कोअरच्या टीएलबीत जुने रूपांतर राहू शकते. ती फ्रेम मधल्या काळात दुसऱ्या प्रोसेसला दिली, तर पहिली प्रोसेस तिचा डेटा वाचू शकते, बिघडवूही शकते. त्यामुळे क्रम चुकवून चालत नाही: आधी नोंद पुसायची, मग संबंधित सर्व कोअरना जुने रूपांतर विसरायला लावायचे आणि त्यानंतरच फ्रेम मोकळी करायची. एक्स८६ वर त्यासाठी बहुधा इतर कोअरना इंटरप्ट (हातचे काम थांबवायला लावणारा संकेत) पाठवून त्यांच्या उत्तराची वाट पाहावी लागते. हे खर्चिक असल्याने लिनक्स हा कर्नल अनेक पेजांची तोडणी एकत्र करतो.

फ्रेम रिकामी करून घ्यायची तर उलटा शोधही लागतो: या फ्रेमकडे कोणकोणते आभासी पत्ते येतात? लिनक्समध्ये त्यासाठी २.६ मालिकेपासून उलट-जोडणीची व्यवस्था आहे.

कर्नलचे स्वतःचे पत्तेही आभासीच असतात. ६४-बिट लिनक्समध्ये सगळी भौतिक मेमरी कर्नलच्या पत्त्यांत एका ठरावीक अंतरावर सरळ जोडलेली असते, त्यामुळे साध्या वजाबाकीने भौतिक पत्ता मिळतो. पूर्वी कर्नलची ही जोडणी प्रत्येक प्रोसेसच्या पेज टेबलातही असे, फक्त परवानगीच्या बिटाने झाकलेली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा दोष जाहीर झाला आणि अनेक इंटेल प्रोसेसरांवर हे झाकण अपुरे असल्याचे दिसले. तेव्हापासून अशा प्रोसेसरांवर प्रोग्राम चालू असताना कर्नलचा अत्यावश्यक तेवढाच भाग जोडलेला ठेवतात आणि कर्नलमध्ये शिरताना पेज टेबल बदलतात.