तेरची मूर्ती आणि बेनिनची राजमाता

गोरोबाकाकांच्या दर्शनाला तेरला गेलात, तर तिथलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय चुकवू नका. गावच्या पांढरीत सापडणारे मणी, खापरं, मूर्ती लामतुरे यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या, जपल्या. त्यांतच सातवाहन काळातली हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिच्या जातकुळीचीच दुसरी मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेईत सापडली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर. पुढे १९७३ मध्ये भोकरदनच्या उत्खननातही अशाच घडणीचा हस्तिदंती तुकडा मिळाला. त्यामुळे पाँपेईची मूर्ती मराठवाड्यातून गेली असावी, असं काही अभ्यासक मानतात. पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, इथला माल गाड्यांतून भडोच बंदराला जाई, हे 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात नोंदलेलं आहे. म्हणजे ती गेली असेल तर व्यापाराच्या वाटेनं.

जगातल्या मोठ्या संग्रहालयांतला सगळा हस्तिदंत मात्र असा आलेला नाही.

आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याचं उदाहरण घ्या (शेजारच्या बेनिन देशाशी गल्लत नको). तिथल्या राजाला ओबा म्हणतात. राज्यात हत्ती मारला गेला की त्याचा एक दात ओबाचा, आणि दुसरा विकत घेण्याचा पहिला मानही त्याचाच. कोरीव काम करणाऱ्यांचा 'इग्बेसान्म्वान' हा संघ फक्त दरबारासाठी राबे. सोळाव्या शतकात ओबा एसिगीची आई, राजमाता इदिया, हिचा चेहरा हस्तिदंतात कोरला गेला. उंची सुमारे २४ सेंटिमीटर, कपाळावर लोखंडाच्या पट्ट्या जडवलेल्या, आणि डोक्यावर दाढीवाल्या पोर्तुगीजांच्या चिमुकल्या मुंडक्यांची रांग. समुद्रावरून आलेले हे व्यापारी राजाच्या वैभवाची खूण ठरले होते. असे मुखवटे ओबा विधींच्या वेळी कंबरेला बांधत असे. तो पूजेतला दागिना होता.

नोव्हेंबर १८९६ मध्ये जेम्स फिलिप्स या प्रभारी ब्रिटिश अधिकाऱ्यानं ओबाला गादीवरून काढण्याची परवानगी लंडनकडे मागितली. त्याच पत्रात त्यानं लिहिलं, की राजाच्या वाड्यात खर्च भागेल इतका हस्तिदंत सापडेल अशी आशा आहे. हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जानेवारी १८९७ मध्ये, सणासुदीच्या दिवसांत येऊ नका असा निरोप असतानाही, फिलिप्स आपला तांडा घेऊन निघाला आणि वाटेत मारला गेला. त्याचा सूड म्हणून १८ फेब्रुवारीला सुमारे १२०० जणांच्या फौजेनं बेनिन शहर घेतलं, असं सांगितलं जातं. पण हस्तिदंताचा हिशेब त्याआधीच मांडला गेला होता.

वाडा लुटला गेला, शहर जळालं. हजारो वस्तू बाहेर गेल्या, काहींचा मोहिमेच्या खर्चासाठी लिलाव झाला. ओबा ओव्होनरामवेन कालाबारला हद्दपार झाला आणि १९१४ मध्ये तिथेच वारला. इदियाचे मुखवटे लुटीच्या वेळी बेनिनच्या वाड्यात, त्याच्या शयनगृहातल्या पेटीत मिळाले. त्यातले दोन मुखवटे राल्फ मूर या वरिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्यानं स्वतःकडे ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर ते विकले गेले. एक १९१० मध्ये ब्रिटिश म्युझियमनं घेतला, दुसरा फिरत फिरत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला पोचला. खरेदीची पावती खरी असली, तरी विकणाऱ्याच्या हाती वस्तू लुटीतून आली होती, ते त्या पावतीनं पुसलं जात नाही.

१९७७ मध्ये लागोसला आफ्रिकी कलांचा महोत्सव भरला, त्याचं बोधचिन्ह इदियाच होती. मूळ मुखवटा उसना तरी द्या, अशी विनंती नायजेरियानं केली. वस्तू नाजूक आहे, असं सांगून लंडननं नकार दिला. शेवटी नवी प्रतिकृती कोरून घ्यावी लागली.

२०२२ मध्ये जर्मनीनं आणि २०२५ मध्ये नेदरलँड्सनं बेनिनच्या वस्तू परत केल्या. नेदरलँड्सच्या एकूण ११९. ब्रिटिश म्युझियम १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवतं. त्या कायद्यानं संग्रहातली वस्तू देऊन टाकायला जवळपास बंदीच आहे. राजमाता इदिया अजून लंडनलाच आहे.