आर्मीचे १९४५ आणि १९४६: न हरलेले दोन हंगाम

वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा अमेरिकन फुटबॉल संघ, म्हणजे आर्मी, १९४५ मध्येही हरला नाही आणि १९४६ मध्येही. प्रशिक्षक तेच, अर्ल ब्लेक. फुलबॅक डॉक ब्लँचर्ड आणि हाफबॅक ग्लेन डेव्हिस ही चेंडू घेऊन धावणारी जोडीही तीच. विजय दोन्ही वर्षी नऊ. म्हणून एका वर्षाच्या गोष्टी दुसऱ्याच्या नावावर सहज खपतात.

१९४५ मध्ये सामनेच नऊ होते. आर्मीने ४१२ गुण केले, दिले फक्त ४६. नोटर डेम विद्यापीठाला ४८-० आणि नेव्हीला, म्हणजे नौदल अकादमीच्या संघाला, ३२-१३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतले. वर्षातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन करंडक ब्लँचर्डला मिळाला.

१९४६ मध्ये सामने दहा झाले आणि नऊ विजयांखेरीज उरलेला एक निकाल बरोबरीचा. ९ नोव्हेंबरला यँकी स्टेडियमवर नोटर डेमशी ०-०. तेव्हा जादा वेळ खेळवत नसत, त्यामुळे बरोबरी तशीच राहिली आणि १९४४ पासूनची सलग २५ विजयांची माळ तुटली. वृत्तसंस्था एपीच्या अंतिम क्रमवारीत नोटर डेम पहिले, आर्मी दुसरी. त्या वर्षीचा हाइझमन डेव्हिसचा.

फरक का पडला? युद्धकाळात कॅडेट अकादमीतच राहिले, इतर विद्यापीठांचे खेळाडू मात्र सैन्यात गेले. १९४६ मध्ये ते परतले. नोटर डेमकडे प्रशिक्षक फ्रँक लेही आणि क्वार्टरबॅक (चाल सुरू करणारा खेळाडू) जॉनी लुजॅक दोघेही नौदलातून आले. त्या ०-० सामन्यात ब्लँचर्ड मोकळा सुटला असताना त्याला एकट्याने पाडणारा लुजॅकच.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते: पहिल्याच सामन्यात व्हिलानोव्हाविरुद्ध ब्लँचर्डचा गुडघा दुखावला. आर्मीच्या टी रचनेत (मागचे खेळाडू इंग्रजी टी अक्षरासारखे उभे राहतात) तो मधून घुसायचा आणि डेव्हिस कडेने पळायचा. मधल्या धडकेची भीती असली की बचावपटू आत दाटतात आणि कड मोकळी होते. १९४५ मध्ये डेव्हिसने दर धावेमागे ११.५ यार्ड काढले ते या जोरावर. फुलबॅकचा गुडघा अधू झाल्यावर बचावाला बाहेर पसरायची मुभा मिळाली.

नेव्हीविरुद्धचा निकाल तर वर्ष ओळखायची हमखास खूण. १९४६ चा २१-१८ होता. दोघांचे टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेणे, सहा गुण) तीन-तीन, पण नेव्हीच्या त्यानंतरच्या जादा गुणाच्या तिन्ही संधी वाया गेल्या, आर्मीच्या तिन्ही साधल्या. हंगामात एकच सामना जिंकलेली नेव्ही वेळ संपली तेव्हा आर्मीच्या गोलरेषेपासून जेमतेम काही यार्डांवर होती.