कोचले काढलं की टीम खरंच सुधरते का?

फुटबॉलमध्ये मँचेस्टर युनायटेड हरली की दुसऱ्या दिवशी नागपूरच्या सदर भागातल्या चहाटपरीवर असो की कामठीच्या ग्राउंडवर, एक वाक्य हमखास ऐकू येतं, "काय खेळून राहिले बे हे, कोचले हाकला ना आधी!" मग कोणीतरी म्हणतो, "कोच काय करन भाऊ, प्लेअरच भंगार आहेत." नागपुरात रात्री उशिरापर्यंत जागून मॅच बघणारे खूप आहेत त्यामुळे हा वाद पण मनापासून होतो, तास-तास चालतो. पण या वादाचा एक भाग असा आहे की जो आकडे घेऊन तपासता येतो, आणि लोकांनी तो तपासला पण आहे.

नेदरलँड्समध्ये बास टेर वील नावाचे अर्थशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी तिथल्या टॉप लीगचे १९८६ ते २००४ या काळातले निकाल घेतले आणि २०११ मध्ये पेपर छापला. सीझनच्या मधेच कोच काढला अशा टीम त्यांनी बघितल्या तर काय दिसलं, आधी निकाल घसरत जातात, मग कोच जातो, आणि नंतर निकाल सुधरतात. म्हणजे टपरीवरचा भाऊ बरोबर? थांबा, खरी गंमत पुढे आहे. त्यांनी अशा पण टीम शोधल्या ज्या तेवढ्याच वाईट घसरल्या होत्या पण त्यांनी कोच काढला नाही. त्या पण सुधरल्या! जवळपास तेवढ्याच सुधरल्या. कोच काढला काय अन् ठेवला काय, फरक दिसलाच नाही.

हे असं कसं होतं? याला सरासरीकडे परतणं म्हणतात, फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीवर हे दाखवलं होतं, खूप उंच आईवडिलांची मुलं उंच असतात पण बहुतेक वेळा त्यांच्याइतकी नाही. आपल्याकडचं बघा, मे अखेरच्या नवतप्यात पारा ४६-४७ ला टेकला आणि वैतागून त्याच दिवशी तुम्ही नवीन कूलर घेतला तर पुढच्या आठवड्यात ऊन थोडं उतरणारच आहे, पण ते कूलरमुळे उतरलं असं कोणी म्हणत नाही. कोच पण नेमका सगळ्यात वाईट दिवशीच काढला जातो ना, त्याच्यानंतर खाली जायला जागा कमी आणि वर यायला जास्त.

आता एक हिशोब करून बघू. समजा एक चांगली टीम आहे, प्रत्येक मॅच जिंकायची तिची शक्यता ४५ टक्के, आणि ही शक्यता सीझनभर अजिबात बदलत नाही, म्हणजे कोच तोच, फॉर्म तोच, सगळं तेच. तरी सलग ५ मॅच न जिंकण्याची शक्यता ०.५५ चा पाचवा घात, म्हणजे साधारण ५ टक्के. कमी वाटतं ना? पण ३८ मॅचच्या सीझनमध्ये कुठेतरी एकदा तरी असा ५ मॅचचा दुष्काळ येण्याची शक्यता काढली तर ती ६० टक्क्यांच्या आसपास जाते! काहीच बिघडलेलं नाही आणि तरी अर्ध्याहून जास्त सीझनमध्ये कोचवर संकट येणार. माझ्या मते हा एक आकडा प्रत्येक फॅनने लक्षात ठेवला पाहिजे.

फुटबॉलमध्ये हे जास्त होतं कारण गोल फार कमी होतात, प्रीमियर लीगमध्ये दोन्ही टीमचे मिळून मॅचला पावणेतीनच्या आसपास. क्रिकेटमध्ये शेकडो बॉल पडतात, एक चूक भरून काढता येते, इथे एक डिफ्लेक्शन, म्हणजे कोणाला तरी लागून दिशा बदललेला बॉल, किंवा पोस्टला लागून बाहेर गेलेला बॉल अख्खा निकाल फिरवतो. म्हणून अभ्यासक गोलांपेक्षा चान्सेस मोजतात. एक्सजी (एक्सपेक्टेड गोल्स, म्हणजे मिळालेल्या चान्सेसमधून किती गोल व्हायला पाहिजे होते) हा शब्द आता स्क्रीनवर पण दिसतो, त्याच्यामागे हजारो जुने शॉट्स असतात, कुठून मारला, कोन काय होता, पायाने की डोक्याने, आणि तशा शॉटचे किती वेळा गोल झाले. पेनल्टी शंभरातून पंचाहत्तर-ऐंशी वेळा आत जाते, लांबून मारलेला शॉट शंभरातून दोन-चार वेळा.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे जर्मनीचा क्लब डॉर्टमुंड. २०११ आणि २०१२ चे जर्मन चॅम्पियन, नंतर दोन वर्षं दुसरे, कोच युर्गन क्लॉप. २०१४ मध्ये त्यांचा मुख्य स्ट्रायकर लेवांडोव्स्की बायर्न म्युनिकला गेला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ही टीम चक्क टेबलच्या तळाला, अठराव्या नंबरवर! पण चान्सेसचे आकडे बघणाऱ्यांना दिसत होतं की टीम इतकी वाईट खेळत नाहीये, बॉल आत जात नाहीये एवढंच. क्लबने त्या वेळी कोच काढला नाही आणि त्याच कोचसोबत सीझन सातव्या नंबरवर संपला. मग क्लॉप स्वतःहून निघाला, पुढे इंग्लंडच्या लिव्हरपूलचा कोच झाला, आणि लिव्हरपूलच्या रिसर्च टीमने, इयान ग्रॅहम तेव्हा तिचे प्रमुख होते, त्या वाईट सीझनचे आकडे तपासून सांगितलं की हे बरंचसं नशीब होतं. पुढे क्लॉपच्या लिव्हरपूलने जिंकलेली २०१९ ची चॅम्पियन्स लीग आणि २०२० ची लीग, ते सगळ्यांना माहीत आहे.

तरी आपल्याला कोचच का दिसतो? मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये एक प्रयोग केला होता, चिठ्ठी टाकून एकाला क्विझमास्टर केलं, त्याने स्वतःला माहीत असलेले अवघड प्रश्न काढायचे आणि दुसऱ्याने उत्तरं द्यायची, आणि बघणाऱ्यांना क्विझमास्टरच जास्त हुशार वाटला, खेळ त्याच्या बाजूने मांडलेला आहे हे डोळ्यांसमोर असून! आपण परिस्थिती सोडून माणूस पकडतो. टीव्हीवर टचलाइनवर हातवारे करणारा कोच दिसतो, पगाराचं बजेट दिसत नाही. आणि अर्थशास्त्रज्ञ स्टेफन शिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांचे अनेक वर्षांचे हिशोब काढले तर टेबलमधल्या जागेतला सुमारे ९० टक्के फरक पगाराच्या खर्चाशी जुळतो असं निघालं. एकाच सीझनमध्ये हा संबंध इतका घट्ट नसतो, पण लांब पल्ल्यात पैसाच बोलतो.

म्हणून कोचला काही अर्थ नाही असं मी अजिबात म्हणत नाही. मँचेस्टर युनायटेडचे कोच फर्ग्युसन २०१३ ला चॅम्पियन होऊन रिटायर झाले आणि बरीचशी तीच टीम नवीन कोच मोयेसच्या हाताखाली सातव्या नंबरवर घसरली, हे नुसतं नशीब म्हणून सोडता येत नाही. पण तेच फर्ग्युसन १९८६ ला आले होते आणि १९८९-९० मध्ये तेरावे होते, लोक त्यांना काढा म्हणत होते, पहिली लीग १९९३ ला मिळाली. कोचचं काम हळू दिसतं, पाच मॅचमध्ये तर दिसतच नाही.

आपल्या इंडियाच्या टीमचं तर मला फार वाईट वाटतं. जून २०२४ ला दोहामध्ये कतारविरुद्ध १-० पुढे असताना लाइनच्या बाहेर गेलेला बॉल आत ओढून केलेला गोल कतारला दिला गेला, आपण २-१ हरलो, तेव्हाचे कोच स्टिमाच गेले. मग मानोलो मार्केझ आले, ८ मॅचमध्ये १ विजय, तेही गेले. मग खालिद जमील आले आणि ऑक्टोबर २०२५ ला सिंगापूरकडून हरून २०२७ च्या एशियन कपचं दार बंद. तीन कोच झाले पण आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या टॉप फुटबॉल लीगमध्ये, स्ट्रायकरच्या जागेवर बहुतेक परदेशी खेळाडूच खेळतो हे काही बदललं नाही, मग गोल कोण मारणार?

आणि हे आपल्या लोकल कोच लोकांना पण लागू आहे. नॉकआउट स्पर्धेत तीन मॅच खेळल्या, एक पेनल्टीवर हरली, लगेच "सर बदला". माझं म्हणणं आहे की एक वही घ्या, प्रत्येक मॅचला आपल्या पोरांनी बॉक्सच्या आतून किती शॉट मारले आणि समोरच्यांनी किती, एवढंच लिहा. दहा-बारा मॅच झाल्या की वही घेऊन या, मग बोलू सरांबद्दल, मी पण येतो वाद घालायले.